वाडा वाचताना

वाडा उतरवायला घेतला की आधी कौले निघतात. मग रिपा, वासे, कडीपाट, तुळया, आणि सगळ्यात शेवटी खांब. वाईजवळच्या एका गावात मी टेप आणि वही घेऊन पोचले तेव्हा काम अर्ध्यावर आले होते. चौकात कौलांच्या थप्प्या, ओसरीवर खडूने आकडे टाकलेले खांब, आणि माजघराच्या डोक्यावर उघडे आभाळ. माजघरामागे बाळंतिणीची खोली होती. खिडकी नसलेल्या त्या खोलीत पहिल्यांदाच दुपारचे ऊन उतरले होते. अजून जागेवर असलेल्या तुळईला दोन लोखंडी कड्या होत्या. बाहेरून गंजलेल्या, आतून झिजून लखलखीत.

घरातल्या आजी चौकात खुर्ची टाकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पाळण्याच्या आहेत त्या. या घरातलं प्रत्येक पोर तिथं हललंय. माझी चारही." लाकूड उतरवणाऱ्या मुलाने माझी नजर पाहिली आणि वरूनच विचारले, "ताई, कड्या पायजेत का? भंगारातच जायच्यात."

मी कड्या घेतल्या नाहीत. त्यांची जागा मोजून घेतली: भिंतीपासून किती, दारापासून किती, जमिनीपासून उंची किती. हातात आलेली कडी म्हणजे पावशेर लोखंड. तीच तुळईवर असली की सांगते, बाळंतिणीची बाज कुठे असायची, दाराकडे तिचे तोंड होते की पाठ, आणि माजघरात बसून सासूला पाळण्याची दोरी ओढता येत होती की नाही. हे पुस्तक अशा जागांचे आहे.

महाराष्ट्रातल्या अभ्यासकांची आणि जुन्या वाड्यांची ओळख तशी जुनी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला तो वाईत सापडलेल्या कागदांच्या बळावर. पुढे ते गावोगाव हिंडले. माळ्यावर, फडताळात, कोनाड्यात धूळ खात पडलेले दप्तरांचे रुमाल त्यांनी सोडले आणि आतली पत्रे उतरवून घेतली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. मेणवलीच्या नाना फडणीसांच्या वाड्यातले दप्तर दत्तात्रय बळवंत पारसनीसांच्या प्रयत्नांनी उजेडात आले. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादून दिले. या माणसांनी केलेल्या पायपिटीवर आपण आजही जगतो आहोत.

मराठीत 'वाचणे' या एकाच क्रियापदाला दोन अर्थ आहेत. रुमाल दोन्ही अर्थांनी वाचले. त्यांतली मोडी लावली गेली, आणि वाळवीच्या तोंडून ते सुटले. ज्या फडताळात ते रुमाल होते ते फडताळ मात्र कोणी मोजले नाही. फडताळ ज्या भिंतीत होते तिची जाडी कोणी लिहून ठेवली नाही. वाडा दोन्ही अर्थांनी वाचायचा राहून गेला.

याचे मला वाईट वाटते ते केवळ देखणी कोरीव कामे गेली म्हणून नव्हे. दप्तरातले कागद ज्यांना लिहिता येत होते त्यांनी लिहिले. कारभारी, कुलकर्णी, फडणीस, सावकार. त्या घरात पहाटे उठून दळणारी बाई, पागेत घोड्यांना चंदी घालणारा मोतद्दार, खांबावर केळफूल कोरणारा सुतार, चुन्याच्या घाणीभोवती बैल फिरवणारा गडी यांच्या हातचे पत्र एकाही रुमालात सापडत नाही. त्यांनी जे मागे ठेवले ते घरातच ठेवले. झिजलेला उंबरा, चुलीच्या वरची काजळी, दाराच्या कडेला हात लागून गुळगुळीत झालेले लाकूड, जात्याभोवतीचा खळगा. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचा इतिहास वाड्याच्या अंगावर आहे, आणि त्या इतिहासाची दुसरी प्रत कुठेही नाही. वाडे मोजून ठेवण्याचा माझा हट्ट आहे तो यासाठी.

वाडा वाचायला देवडीपासून सुरुवात करावी. दोन जाड फळ्यांचा दरवाजा, त्यातल्या एका फळीत दिंडी. दिंडी मुद्दाम एवढीच, की माणसाने वाकून, एकेकट्यानेच आत यावे. दाराआड भिंतीत चौकोनी भोक असते. रात्री त्यातून अडसर ओढायचा आणि समोरच्या भिंतीतल्या खाचेत बसवायचा. दिवसा तो भिंतीच्या पोटात सरकवून ठेवायचा. म्हणजे भिंत बांधतानाच अडसराची लांबी ठरलेली असली पाहिजे. बांधणाऱ्याच्या मनात पहिल्या दिवसापासून केवढी धास्ती होती, ते त्या भोकात हात घातला की कळते. कोपरापर्यंत हात गेला तर काळ बरा होता असे समजावे. काही वाड्यांत बांबूची काठी पुरत नाही.

देवडीतून पुढे पहिला चौक. इथे सदर, इथे कारभार. गावचा माणूस कामासाठी यायचा तो इथवर. दुसरा चौक घरच्यांचा: माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीघर. त्यामागे न्हाणीघर, आड, गोठा आणि परसू. चौकाची फरशी खाली आणि भोवतीचे सोपे जोत्यावर उंच, चारी बाजूंना सोपा असला की वाडा चौसोपी. चारी छपरांचे पावसाचे पाणी चौकात पडते आणि मोरीवाटे बाहेर जाते. रस्त्याकडची भिंत जवळजवळ आंधळी असते. घर उजेड आणि वारा घेते ते आतल्या चौकातून. उन्हाळ्यात रात्रीची गार हवा चौकात उतरते आणि जाड भिंतींमुळे ती दुपारपर्यंत टिकते. वैशाखात ओसरीवर वाळा घातलेल्या माठाशेजारी दुपारी आडवे झालेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वाड्याचे गणित एका शब्दात आहे, तो शब्द म्हणजे खण. दोन तुळयांमधली, दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. सागाची तुळई जेवढी लांब मिळेल आणि जेवढे ओझे पेलेल, तेवढाच खण रुंद. म्हणून जुन्या माणसांना घर किती फुटांचे ते सांगता येत नसे, किती खणांचे ते येई. साध्या भिक्षुकाचे दोन खणांचे घर आणि सरदाराचा तीनचौकी वाडा यांचे माप एकच असते. फरक पडतो तो खणांच्या संख्येत आणि लाकडावरच्या नक्षीत. ओझे पेलतो तो लाकडाचा सांगाडा; भिंत त्या सांगाड्याला पांघरूण घालते. खांब थेट जमिनीत रोवत नाहीत, दगडी तळखड्यावर उभा करतात, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. सांधे लाकडात लाकूड गुंतवून, लाकडी खुंट्या ठोकून केलेले असतात. त्यामुळे सांगाडा थोडा हलतो, वाकतो, पण एकदम मोडत नाही. पावसात भिंत बसलेली आणि खांब-तुळया मात्र ताठ उभ्या, असे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे.

या सांगाड्याला सजवायचे ठरवले की काय होते ते पुण्याच्या विश्रामबागवाड्यात पाहावे. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेल्या या वाड्याची दर्शनी बाजू सागवानात कोरलेली आहे. सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर आणि वर निमुळते खांब, त्यांच्यामध्ये महिरपी, महिरपींखाली लोंबणारी केळफुले. बाजीराव रस्त्याने रोज जाणारे हजारो लोक या केळफुलांखालून जातात. मराठी सुताराने सुरू पाहिला तो मोगली बागांतून आलेल्या नक्षीत. केळफूल मात्र त्याने परसातून आणले.

भिंतींकडेही नीट पाहावे. खाली जोत्याला घडीव दगड, वर वीट किंवा मातीचे भेंडे. भिंतीची जाडी वाया घालवत नसत. तिच्यात दिव्यासाठी कोनाडा, देवासाठी देवळी, कागदांसाठी फडताळ, धान्यासाठी बळद, आणि बळदाच्या खाली दाणे काढायचे छोटे तोंड. चुना घाणीत मळला जाई. गोल चरात दगडी चाक, चाकाला बैल, आणि चुनखडीत गूळ, हिरडा असे पदार्थ घरोघरच्या आणि कारागिरांच्या रिवाजाप्रमाणे. असा चुना सावकाश, वर्षानुवर्षे घट्ट होत जातो आणि भिंतीला श्वास घेऊ देतो. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. पुढे वाडे का पडतात ते सांगताना याच गोष्टीची गरज लागणार आहे.

वाडा म्हटले की पुणे, सातारा, वाई, सासवड, नाशिक डोळ्यांसमोर येतात. पण एवढ्यावर थांबलो तर महाराष्ट्राची अर्धी घरे बाहेर राहतात. मराठवाड्यात आणि सोलापुराकडे पाऊस कमी. तिथे कौले नसून माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा जाड थर. माळवदाला मध्ये एक साणे ठेवतात, त्यातून उजेडाचा कवडसा माजघरात येतो आणि धूर बाहेर जातो. खानदेशात अशाच सपाट छपराला धाबे म्हणतात. याच मुलखात पाटील-देशमुखांच्या गढ्या आहेत, पांढऱ्या मातीच्या उंच, निमुळत्या भिंतींच्या. गावच्या वस्तीला पांढरी आणि शेतीला काळी म्हणतात, ते शब्द मातीवरूनच आले. पांढरी माती पाणी लवकर मुरू देत नाही, म्हणून माळवदावर ती हवीच. गढीत कोणी राहीनासे झाले तशी गावाने गढीचीच माती खणून घरोघरच्या माळवदांवर नेली. असा वाडा पडत नाही, तो गावभर वाटला जातो. अनेक गढ्यांचा आज बुरूज तेवढा उरला आहे.

कोकणात सगळेच उलटे. तिथे जांभ्याचा चिरा, उतरते छप्पर, पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर, वर माळा, आणि मागीलदारी विहीर. पावसाला घरात घ्यायचेच नाही, म्हणून बंद चौकापेक्षा चारी बाजूंनी खाली उतरलेले पाखे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत कुंभाराच्या नळीच्या कौलांची जागा मंगलोरी कौलांनी घेतली. एका कारखान्याने किनाऱ्यावरच्या सगळ्या घरांच्या डोक्याचा रंग आणि उतार बदलला. गोव्यात गेले की पुन्हा चौक भेटतो. हिंदू घरात राजांगण आणि त्यात तुळशीवृंदावन. ख्रिस्ती घरात रस्त्याकडे तोंड करून बसायचा बाल्कांव आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे. चांदरचे मिनेझिस ब्रागांझा घर पाहणाऱ्याला ते उमगते. जांभा तोच, पाऊस तोच, सुतारही बहुधा त्याच गावचा. पण एका घराचे तोंड आत वळलेले, दुसऱ्याचे बाहेर.

घर वाचायचे तर त्याने कोणाला बाहेर ठेवले तेही वाचले पाहिजे. देवडी, ओसरी, माजघर, देवघर या नुसत्या खोल्या नव्हत्या. कोणत्या जातीच्या माणसाने कुठवर यायचे याच्या त्या रेघा होत्या. काही माणसांना तर देवडीचीही पायरी चढता येत नव्हती. आणि ज्या स्त्रिया आत होत्या त्यांना बाहेरची वाट नव्हती. मागच्या चौकातला अंधारा जिना, विटाळशीची कोपऱ्यातली जागा, विधवेची देवघरालगतची खोली या नकाशात मोजल्या की नुसत्या फुटांत राहत नाहीत. जुन्या घरांबद्दल लिहिणाऱ्याने झोपाळा आणि तुळशीवृंदावन दाखवून हे झाकले तर तो वाडा वाचत नाही, सजवतो.

पाण्याचेच पाहा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पुण्यात पाणी आणले गेले आणि शनिवारवाड्यापर्यंत हौदांची साखळी तयार झाली. स्थापत्य म्हणून ते थोर काम आहे. त्याच शहरात १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. गंज पेठेतले हे घर आज फुलेवाडा म्हणून जपलेले आहे. कात्रजच्या नळाची खोली आणि फुल्यांच्या हौदाचा काठ, दोन्ही मोजले तरच पुण्याच्या पाण्याचा इतिहास पुरा होतो. आणि बुधवार पेठेतला भिडेवाडा? तिथे १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. स्थापत्याच्या दृष्टीने तो साधा वाडा होता. सुरूचे खांब नव्हते, कारंजे नव्हते. त्या जिन्यावरून मुली पाटी घेऊन चढल्या, हीच त्याची नक्षी. वर्षानुवर्षे मोडकळीला येऊन, कोर्टकचेऱ्या होऊन, २०२३ च्या डिसेंबरात तो उतरवला गेला. तिथे स्मारक उभे राहायचे आहे. स्मारक व्हावेच. पण तो जिना किती रुंद होता, एका वेळी किती मुली चढू शकत होत्या, हे विचारणाऱ्या शाळकरी मुलीला आता जिना दाखवता येणार नाही.

वाडे का गेले, याचे उत्तर लोक पटकन देतात: बिल्डर. खरे उत्तर लांबलचक आहे. पहिली आग. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, आणि १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेली आग सात दिवस धुमसत राहून आतला सगळा महाल घेऊन गेली. तट, दरवाजे आणि जोती राहिली. सहलीला येणारी मुले त्या जोत्यांवरून उड्या मारतात. त्यांना कोणी थांबवून सांगितले तर त्याच जोत्यांवरून चौक आणि दालने बोटाने दाखवता येतात. १८७९ मध्ये बुधवारवाडा जळाला. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांतले कितीतरी वाडे गेले. मग पाणी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतली मातीच्या भिंतींची घरे विरघळून गेली.

भूकंपाबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण जुन्या घरांच्या प्रेमात माणूस आंधळा होऊ शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतालच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे मेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर येऊन. दर काही वर्षांनी माळवदावर मातीचा नवा थर चढत गेला होता, ओझे वाढत गेले होते. पण त्याच गावांत काही ठिकाणी भिंती कोसळल्या आणि लाकडी खणांचा सांगाडा मात्र उभा राहिला. परंपरेत घात करणारे काय होते आणि तारणारे काय, हे त्या ढिगाऱ्यांनी शेजारीशेजारी दाखवले. जुने म्हणून सगळे चांगले, असे हे पुस्तक म्हणणार नाही.

कायद्यांनीही वाडे पाडले, आणि ते कायदे बहुतेक न्यायाचे होते. वतने गेली, कुळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली. ते व्हायलाच हवे होते. पण वाड्याची शाकारणी ज्या उत्पन्नातून होत होती ते उत्पन्नही त्याबरोबर गेले. शहरात १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला छप्पर मिळाले, पण मालकाला त्या भाड्यात एका पावसाळ्याची कौलेही फिरवता येईनात. पुढच्या पिढीत सातबारावर आणि मिळकतपत्रिकेवर नावे वाढली. वीस वारस, अकरा भाडेकरू, एक मोरी. दुरुस्तीला सगळ्यांची सही लागते, पडायला कोणाचीच लागत नाही. महानगरपालिकांच्या वारसायादीत नाव आले की मालकाला आनंद होण्याऐवजी घाम फुटतो, कारण यादीबरोबर बंधने येतात, पैसे येत नाहीत. वाडा विकणाऱ्याला दोष देणे मी केव्हाच सोडले. एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा प्रेक्षकांनी त्यात आपापले घर ओळखले ते उगीच नाही.

वाडा प्रत्यक्षात मरतो मात्र एका कौलाने. कौल फुटते, पाणी पाटावर येते, पाटावरून तुळईवर, आणि तुळईचे जे टोक भिंतीत बसलेले असते तिथे ते साठते. टोक भिंतीत असल्यामुळे कुजलेले दिसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत तुळई खाली बसते, वरची माडी कलते, भिंतीला भेग पडते. मग कोणीतरी भलेपणाने भेगेवर सिमेंटचा गिलावा मारतो. माती आणि चुन्याची भिंत ओल घेते आणि बाहेर टाकते. सिमेंटने तिचे तोंड बंद होते, ओल आतच राहते, आणि लाकूड दुप्पट वेगाने सडते. मी मोजलेल्या वाड्यांपैकी कितीतरी वाड्यांचे दुखणे इथून सुरू झालेले दिसले. मृगाच्या आधी छपरावर चढून फुटकी कौले बदलणारा माणूस गावात उरला असेल तर तो कुठल्याही योजनेपेक्षा मोलाचा आहे.

आधी झालेल्या कामाचे ऋण मान्य करून पुढे जाते. पारसनीसांचे जुन्या पुण्यावरचे इंग्रजी पुस्तक १९२१ चे, डॉ. म. श्री. माटे यांचा मराठा स्थापत्यावरचा इंग्रजी ग्रंथ १९५९ चा, आणि त्याने या विषयाला शिस्त दिली. राजा दिनकर केळकर यांनी दारे, दिवे, अडकित्ते, गंजिफा जमवताना कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही आपल्या संग्रहालयात आणून उभे केले; एखादी अख्खी खोली वाचवण्याचा तो धाडसी प्रयत्न होता. गोव्यात 'हाउसेस ऑफ गोवा' या पुस्तकाने घरांकडे पाहायची नवी नजर दिली आणि तोर्ड्यात जेरार्ड द कुन्या यांनी घरांचेच संग्रहालय उभे केले. वास्तुकलेच्या महाविद्यालयांत दरवर्षी विद्यार्थी वाडे मोजतात. त्या चित्रांच्या गुंडाळ्या कपाटांवर पडून राहतात. अलीकडची चकचकीत पुस्तके देखणी आहेत, पण त्यांतले खांब कोणत्या घराचे, कोणत्या चौकातले, हे पुष्कळदा कळत नाही. खांब छायाचित्रात सुटा होतो, आणि सुटा खांब विकायला सोपा असतो. जुन्या सागाच्या वखारींत असे खांब दाटीने उभे असतात. कोणी हॉटेलसाठी नेतो, कोणी बंगल्याच्या दिवाणखान्यासाठी. तिथे त्यांना घराचे नाव नसते.

म्हणून या पुस्तकाची रीत मी अशी ठेवली. प्रत्येक वाड्याचा आधी नकाशा, मग छेद, आणि मगच छायाचित्र. प्रत्येक चित्रावर खण मोजलेले. कड्या, खुंट्या, कोनाडे, जाते, उखळ, बळदाचे तोंड, अडसराचे भोक ही सगळी जागच्या जागी दाखवलेली. खोलीचे नाव घरातले लोक जे सांगत तेच लिहिले आहे. एका घरचा सोपा दुसऱ्या घरची ओसरी असेल, तर ते तसेच राहू दिले. घराण्याच्या पराक्रमाच्या कथा थोडक्यात दिल्या आहेत, कारण त्या इतरत्र मिळतात. सुताराने सांध्यात काय केले, पाणी कुठून आले, राख कुठे टाकत, हे सविस्तर दिले आहे, कारण ते इतरत्र मिळत नाही. राहत्या घरांच्या मालकांची नावे आणि पत्ते मुद्दाम वगळले आहेत. यातले काही वाडे पुस्तक छापायला जाईपर्यंत उभे राहिले नाहीत. त्यांच्या पानांवर मी काळी चौकट घातलेली नाही. चित्रात ते उभेच आहेत.

आभार मानायचे ते सगळ्यात आधी सुतारांचे आणि गवंड्यांचे. माझ्या पदवीला जे कळत नव्हते ते त्यांनी लाकडावर बोटाने टकटक करून शिकवले. भरीव आवाज आला की तुळई जिवंत, पोकळ आला की वाळवी. आणि ज्यांनी अनोळखी बाईला टेप घेऊन थेट माजघरात येऊ दिले, चहा दिला, त्या घरच्यांचे.

एक शेवटची हकिकत. वाईजवळच्या त्या वाड्याचा नकाशा पुरा झाला तेव्हा वर्ष होऊन गेले होते. वाड्याच्या जागी इमारत झाली होती आणि आजी दुसऱ्या मजल्यावर राहायला गेल्या होत्या. मी कागद त्यांच्यासमोर पलंगावर पसरला. आधी त्यांना त्यातले काही लागेना. "हे काय गं, नुसत्या रेघा," म्हणाल्या. मी त्यांचे बोट धरून दिंडीवर ठेवले. मग त्यांनी माझा हात सोडला. बोट देवडीतून वळले, चौक ओलांडून ओसरीवर चढले, उंबऱ्यापाशी थांबले जणू पदर सारखा करायला, माजघरातून आतल्या खोलीत गेले आणि दोन ठिपक्यांवर टेकले. "कड्या," त्या म्हणाल्या. तिथून बोट पुन्हा माजघरात आले आणि दाराच्या डाव्या कोपऱ्यात घुटमळत राहिले.

"इथं जातं होतं. ते तू काढलंच नाहीस."

मी गेले तेव्हा जाते हलवलेले होते, त्यामुळे माझ्या वहीत ते नव्हते. आजींनी सांगितले त्या जागी मी ते पेन्सिलने काढले. दाराच्या उजव्या बाजूला, की डाव्या. भिंतीपासून किती वीत. बसणारीचे तोंड कुठे. त्यांनी पलंगावर बसूनच वीत टाकून अंतर दाखवले. पुस्तकात हे जाते तुटक रेघेने दाखवले आहे, कारण ते टेपने मोजलेले नाही, एका बाईच्या आठवणीने मोजलेले आहे. माझ्या मते या पुस्तकातली ती सगळ्यात खात्रीची रेघ आहे.

तुमच्या घरी, आजोळी, गावच्या पडक्या वाड्यात अशी माणसे अजून आहेत. वही घेऊन त्यांच्याकडे जा, आणि देवडीपासून विचारायला लागा. माझ्या नकाशांत काही राहिले असेल तर तेही त्यांनाच दाखवा. ज्या पानावर कोणी म्हणेल की इथे जाते होते, तिथे ते पेन्सिलने काढा. समास त्यासाठीच रुंद ठेवले आहेत.